डोंगरीच्या त्याच भिंती

आगरकरांचे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' हे पुस्तक मी प्रथम वाचले ते शाळेत असताना. कोल्हापूरच्या दिवाणांसंबंधीच्या लिखाणावरून १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची सजा झाली. सुटका १०१ दिवसांनी झाली. पुस्तक मिटल्यावर डोंगरी माझ्या मनात एक थोर जागा होऊन बसली. पुढे कितीतरी वर्षांनी उमरखाडीच्या त्या उंच दगडी भिंतीजवळून जाताना आतून पोरांचा गलका ऐकू आला आणि मी थबकलो. ज्या तुरुंगात आपल्या पुढाऱ्यांनी दिवस काढले, तेथेच पुढे मुलांचे 'रिमांड होम' आले होते. कैदी गेले, मुले आली. भिंती मात्र त्याच राहिल्या. या पालटाची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर वाचण्याजोगी आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. पण घरात पणत्या लागल्या की मला त्या भिंतीआडची पोरे हटकून आठवतात.

जुन्या काळी मूल चोरी करताना सापडले तर त्याचे काय करीत? कायद्यापुरते बोलायचे तर १८६० च्या दंडसंहितेने सात वर्षांच्या आतल्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा मानले नाही. सात ते बारा या वयात त्याला समज होती की नव्हती, हे न्यायाधीशाने पाहावे असे सांगितले. २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही ही दोन्ही कलमे कायम आहेत. बारा उलटली की मात्र पोर आणि दरोडेखोर एकाच कोठडीत. १८६४ च्या कायद्याने अल्पवयीन गुन्हेगाराला इतर शिक्षेऐवजी फटके मारण्याची सोय केली. तुरुंगात नासण्यापेक्षा चार फटके खाऊन घरी गेलेला बरा, असा त्यामागचा हिशेब. त्या काळची ही दयाच म्हणायची!

तरी निराळा विचार करणारी माणसेही होती. १८५० मध्येच एक उमेदवारीचा कायदा झाला होता. दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून द्यावे, हात कामाला लागला की चोरीची गरज उरणार नाही, अशी त्याची कल्पना. बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाने १८५७ मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी हुन्नरशाळा सुरू झाली. ससूनांच्या वैभवात अफूच्या व्यापाराचाही मोठा वाटा होता, हे सांगितलेच पाहिजे. पुण्याच्या ससून रुग्णालयामुळे हे नाव आपल्या घराघरांत आहे, पण या शाळेची आठवण फारशी कुणी काढीत नाही.

मग आल्या मेरी कार्पेंटरबाई. ब्रिस्टल शहरातील भटक्या पोरांसाठी आयुष्य वेचलेली ही अविवाहित बाई साठीच्या उंबरठ्यावर असताना, १८६६ साली, बोटीने हिंदुस्थानात आली. मुंबई, अहमदाबाद, कलकत्ता असे फिरून शाळा पाहिल्या, तुरुंग पाहिले आणि मुलांसाठी वेगळ्या सुधारशाळा हव्यात म्हणून सरकारच्या मागे लागली. त्यानंतर चार वेळा नव्हे, तरी आणखी तीनदा ती या देशात येऊन गेली. १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला आणि १८९७ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. पंधराच्या आतल्या मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे शाळेत ठेवावे, असे ठरले. परंतु त्यात 'मुलगा' म्हणजे मुलगाच. मुलींचे नाव नाही. जिने ब्रिस्टलमध्ये १८५४ सालीच मुलींची सुधारशाळा काढली होती, तिच्या खटपटीतून उभ्या राहिलेल्या कायद्यात मुलींनाच जागा नसावी, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

१९१९-२० च्या तुरुंग समितीने मुलांना कारागृहात ठेवण्याच्या चालीवर कडक टीका केली. मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांचा कायदा केला. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि मुलांचे न्यायालय आले. माझ्या मते खरी क्रांती येथे आहे, आणि ती न्यायाधीशाच्या खुर्चीत नसून प्रोबेशन ऑफिसरच्या चपलांत आहे. हा गृहस्थ मुलाच्या घरी जातो. बाप काय करतो, आई जिवंत आहे का, खोलीत किती माणसे निजतात, पोराने शाळा कधी सोडली, हे सारे विचारून लिहून आणतो. या पोराने काय केले, एवढेच आजवर कोर्ट विचारीत असे; हा पोरगा कोण, हेही आता विचारले जाऊ लागले. १९३६ मध्ये मुंबईत टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली आणि अशा कामासाठी शिकलेली माणसे मिळू लागली.

कागदावर हे सारे छान दिसते. पण गावाकडून पळून आलेला, फलाटावर झोपलेला भुकेला पोर आणि पाकीट मारणारा पोर हे दोघेही एकाच कायद्याच्या हाती, पुष्कळदा एकाच छपराखाली येत. एकाचा अपराध काय, तर घर नसणे! शिवाय देशात अनेक ठिकाणी मुले साध्या तुरुंगांतच पडून होती. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नका असे बजावले, आणि त्याच वर्षी साऱ्या देशासाठी बाल न्यायाचा कायदा झाला. त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बाल. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केले. 'गुन्हेगार' हा शब्द गेला, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' हा जडजंबाल शब्द आला. आमच्या वर्गात कुणालाही तो एका दमात म्हणता येत नाही. पण न्याय मंडळाने उंच चौथऱ्यावर बसू नये, पोलिसाने मुलासमोर गणवेशात येऊ नये, अशा ज्या लहान गोष्टी नियमांत आल्या, त्या मला त्या शब्दापेक्षा मोठ्या वाटतात.

२०१२ च्या दिल्लीतील भयंकर घटनेतील सहा आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता. त्याला तीन वर्षे विशेष गृहात ठेवण्याचा आदेश झाला आणि देश संतापला. २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर, गुन्हा अतिघोर असेल तर, चौकशीनंतर मोठ्या माणसासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. तो संताप मला समजतो; मलाही मुलगी आहे. पण सोळा वर्षांची पोरे मी रोज समोर पाहतो. सकाळी एक असतात, संध्याकाळी दुसरी.

याच कायद्यात एक कलम आहे, त्याबद्दल फार थोडे बोलले जाते. मुलाच्या अपराधाचा डाग पुढे त्याला कोणत्याही कामात आडवा येऊ नये, आणि ठराविक मुदतीनंतर, अतिघोर गुन्हे वगळून, त्याचे दप्तर नष्ट करावे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक मुलगा सायकली चोरताना सापडला आणि निरीक्षणगृहात गेला. शाळेने त्याचे नाव कमी केले. कुणी विरोध केला नाही; मीही केला नाही. दीड वर्षाने तो आईला घेऊन दाखल्यासाठी आला. आय.टी.आय.मध्ये वेल्डरच्या वर्गाला जायचे होते. मी जनरल रजिस्टर उघडले. त्याच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी तांबड्या शाईने 'पोलीस केस' असे लिहून ठेवले होते. सरकारचे दप्तर नष्ट होईल, आमच्या कपाटातले हे कोण नष्ट करणार? मुलगा टेबलाच्या त्या बाजूला उभा होता आणि त्यालाही अक्षरे उलटी वाचता येत असावीत.

मी दाखल्याचे पुस्तक पुढे ओढले. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी' असे लिहिले. 'वर्तणूक' या रकान्यात 'चांगली' असे लिहिले. त्याच्या आईने पावतीवर अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसली.