आरशावरचा दिवा : फणेरपेटीपासून वाशीच्या फ्लॅटपर्यंत (धागा)

घरातला आरसा भिंतीला खिळला, ही गोष्ट फार जुनी नाही. त्याआधी आरसा उजेडाकडे जात असे. नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये मात्र आरसा बेसिनवर कायमचा बसला आणि उजेडाला त्याच्याकडे यावे लागले. हा बदल कसा घडला आणि थोडक्या पैशांत तो पुरा करायला इतकी वर्षे का लागली, याचा हा धागा.

मराठी घरातली फणेरपेटी आठवून पाहावी. छोटी लाकडी पेटी, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. झाकण उघडून टेकवले की आरसा उभा राही. घरातली स्त्री ही पेटी घेऊन खिडकीशी किंवा पडवीत बसत असे. पेटी हलकी ठेवण्यामागे हेही एक कारण असावे, कारण आतल्या खोल्या दिवसाही अंधाऱ्या असत.

पुरुषांची दाढी तर घराबाहेरच होई. बलुतेदारांपैकी न्हावी आपली धोकटी घेऊन येई आणि ओसरीवर किंवा झाडाखाली बैठक मारी. वस्तरा गळ्यावरून फिरवायचा असल्यामुळे भरपूर उजेड हवाच. न्हाणीघर परसात, बंबाशेजारी. तिथे आरशाचे काही कामच नव्हते. अंघोळ आणि आरसा या दोन वेगळ्या जागांच्या गोष्टी होत्या.

त्यांना एकत्र आणणाऱ्या घटना दूरदेशी घडल्या. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८३५ मध्ये काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची पद्धत शोधली आणि पुढे आरसे स्वस्त होत गेले. १९०३ मध्ये अमेरिकेत जिलेटचा सेफ्टी रेझर विक्रीस आला. पाते बदलता येऊ लागले, तशी दाढी स्वतःच्या हाताने, घरच्या घरी करता येऊ लागली. जिथे पाणी तिथे दाढी, आणि जिथे दाढी तिथे आरसा.

वीज मात्र सावकाश आली, आणि सगळीकडे सारखी आली नाही. खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. पाणी सह्याद्रीचे, केंद्र त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातले, वीज मात्र मुंबईच्या गिरण्यांना. शेजारच्या पनवेल-उरण भागातल्या खेड्यांत पुढची अनेक वर्षे चिमणी आणि कंदीलच जळत राहिले. खाडीपलीकडच्या शहराचा इतिहास वाचताना ही विषमता लक्षात ठेवावी.

त्याच भागात पुढे नवे शहर उभे राहिले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला. वाशीला लोकल पोहोचायला १९९२ साल उजाडले. तोवर मुंबईत नोकरी करणाऱ्या वाशीकराला बसचाच आधार. जानेवारीत मुंबईचा सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. ज्याला त्याआधी घर सोडायचे आहे त्याची दाढी, जिला त्याआधी डबा भरून निघायचे आहे तिची वेणीफणी, हे सारे दिव्याच्या उजेडातच उरकावे लागे.

तो दिवा मात्र चुकीच्या जागी होता. मध्यमवर्गीय वसाहतींतल्या न्हाणीघराला बहुधा काचेच्या पट्ट्यांची एक छोटी झडप असते आणि तीही डक्टमध्ये उघडते. दिव्याचा पॉइंट बहुतेक दारावर किंवा छताला, कारण वायर तिथपर्यंत नेणे सर्वांत स्वस्त. साठ वॉटचा पिवळा बल्ब माणसाच्या पाठीमागून किंवा डोक्यावरून प्रकाश टाकी. खोली उजळे आणि आरशातला चेहरा काळवंडे : भुवयांखाली, नाकाखाली, हनुवटीखाली सावली. नेमकी तिथेच दाढी करायची असते.

याच नवी मुंबईत दुसरी वाटही चोखाळली गेली. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये कोरियांनी १९८० च्या दशकात सात-सात घरे एका छोट्या अंगणाभोवती मांडली. अंगण साधारण आठ मीटर लांब आणि तेवढेच रुंद. वरचे आकाश हीही घराची एक खोलीच आहे, असा त्यांचा आग्रह होता. अशा घरात सकाळचा आरसा अंगणात नेता येतो, फणेरपेटीसारखाच. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला ती सोय नाही.

चेहरा कसा उजळावा, हे कोडे मात्र नाटकवाल्यांनी केव्हाच सोडवले होते. रंगपटातल्या आरशाच्या चौकटीभोवती बल्बची रांग असते. उजेड समोरून आणि दोन्ही बाजूंनी येतो, म्हणून सावलीच पडत नाही. वाशीत तर मराठी नाटकाचे आद्य प्रवर्तक विष्णुदास भावे यांच्याच नावाचे नाट्यगृह आहे. मग ही युक्ती घरात का आली नाही? हिशेब करावा. साठ वॉटचे सहा बल्ब म्हणजे ३६० वॉट. रोज एक तास लावले, तर वर्षाला सुमारे १३१ युनिट, आणि वर छोट्या खोलीत उकाडा. महिनाअखेरीस हात आखडणाऱ्या घराला हे परवडणारे नव्हते. ट्यूबलाइटने वीज वाचवली, पण चार फुटी नळी आणि तिचा चोक त्या चिमुकल्या भिंतीवर मावायचा कुठे?

हे गणित बदलले ते निळ्या एलईडीमुळे. निळा प्रकाश मिळाल्यावर त्यापासून पांढरा करता आला. त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. ५ जानेवारी २०१५ रोजी भारतात उजाला योजना सुरू झाली. सरकारी पातळीवर घाऊक खरेदी झाली आणि तीनशे-साडेतीनशे रुपयांचा एलईडी बल्ब सत्तर-ऐंशी रुपयांवर आला. साठ वॉटचे काम नऊ वॉटमध्ये होऊ लागले. नटाचा आरसा कारकुनाच्या घरात आला तो असा.

आज दोन फुटी एलईडी पट्टी काही शे रुपयांत मिळते. आरशाच्या दोन्ही बाजूंना, चेहऱ्याच्या उंचीवर, दोन पट्ट्या उभ्या लावणे सर्वोत्तम. जागा नसेल तर आरशाइतकी रुंद एकच पट्टी वर आडवी लावावी, भिंतीपासून थोडी पुढे. पांढरे बेसिन खालून उजेड परतवते आणि हनुवटीची सावली मवाळ होते. रंग चार हजार केल्विनच्या आसपासचा असावा, म्हणजे कातडी पिवळी दिसत नाही, निळीही नाही. काटकसर पट्टीच्या किमतीत करावी, जोडणीत करू नये. पाण्याच्या जागेत ओलावा सोसणारी पट्टी, परवानाधारक वायरमनची जोडणी आणि मुख्य बोर्डावर तीस मिलिअँपिअरचे गळतीरोधक उपकरण हवेच.

दारावरचा जुना होल्डर मात्र काढू नये. त्यात रात्रीपुरता झिरोचा दिवा लावता येतो. हे नावही इतिहासच सांगते : जुना झिरोचा बल्ब प्रत्यक्षात दहा-पंधरा वॉट खाई, पण जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा किरकोळ भार नीट उमटत नसे, म्हणून तो ‘झिरो’. आताचा अर्ध्या वॉटचा एलईडी त्या नावाच्या बराच जवळ पोहोचला आहे.