फॅरोचा नव्हे, शेतकऱ्याचा कुत्रा: माल्टाच्या केल्ब ताल-फेनेकची गोष्ट

आजच्या भागात एका कुत्र्याचा इतिहास. या कुत्र्याला दोन नावं आहेत, आणि दोन्ही नावं अगदी वेगळी गोष्ट सांगतात.

पहिलं नाव इंग्रजी: फॅरो हाउंड. इंटरनेटवर शोधलंत तर हमखास सापडेल की ही पाच हजार वर्षं जुनी जात आहे. इजिप्तच्या थडग्यांमधल्या चित्रांत उभ्या कानांचे, सडपातळ कुत्रे दिसतात, तेच हे. फिनिशियन व्यापाऱ्यांनी ते जहाजातून माल्टाला नेले म्हणे. भारी वाटतं ना? व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करावं असंच.

दुसरं नाव माल्टाच्या लोकांचं: केल्ब ताल-फेनेक. केल्ब म्हणजे कुत्रा, फेनेक म्हणजे ससा. सशाचा कुत्रा, बास. आम्ही कोड लिहिणारी माणसं फंक्शनचं नाव त्याच्या कामावरून ठेवतो, म्हणजे पुढच्याला आत न डोकावता कळतं. हे नाव तसंच आहे.

आता हे काम काय ते बघू. माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेला असलेला छोटासा देश. सगळी बेटं मिळून साधारण ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास निम्मं. जमीन खडकाळ, आणि शेताशेतांत दगडावर दगड रचून केलेल्या भिंती, आपल्या कोकणातल्या गडग्यांसारख्या. सशांना लपायला याहून चांगली जागा कुठली? शिकार बहुतेक रात्री चालते. कुत्रा हुंगत, कान टवकारून भिंतीच्या कडेने फिरतो आणि ससा आत आहे असं कळलं की तिथेच भुंकतो. मग शिकारी बाहेर पडायच्या वाटांवर जाळी लावतो आणि गळ्यात घुंगरू बांधलेला फेरेट, म्हणजे मुंगसासारखा एक लांबट प्राणी, बिळात सोडतो. ससा घाबरून बाहेर येतो आणि जाळ्यात अडकतो.

हा खेळ वाटेल, पण गरिबाच्या घरी ससा म्हणजे मटणच. आजही सशाचा रस्सा माल्टाची ओळख मानला जातो. अठराव्या शतकात बेटावर सेंट जॉनच्या सरदारांचं राज्य होतं. १७७३ मध्ये प्रमुख झालेल्या शिमेनेसने सशांच्या शिकारीवर बंदी घातली. आधीच महागाई आणि कर्ज, त्यात हे. लोक चिडले. सप्टेंबर १७७५ मध्ये पाद्रींच्या पुढाकाराने बंड झालं. ते काही तासांत चिरडलं गेलं. बंडाची कारणं बरीच होती, पण त्या रागात सशाचाही वाटा होता. त्या काळात असा कुत्रा पाळणाऱ्यासाठी बंदीचा अर्थ सरळ होता: ताटातलं मांस गेलं.

मग फॅरो कुठून आला? १८०० पासून माल्टा ब्रिटिशांच्या हातात होतं, १९६४ मध्ये ते स्वतंत्र झालं. साठच्या दशकात तिथे राहिलेल्या काही ब्रिटिश कुटुंबांनी हे कुत्रे इंग्लंडला नेले, आणि १९६३ मध्ये तिथे पिल्लं झाली. डॉग शोमध्ये ‘सशाचा कुत्रा’ हे नाव कोणाला आवडणार? फॅरो मात्र लगेच चिकटला.

२००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांचा डीएनए तपासला होता. बासेंजी, सालुकी अशा काही जाती खरंच जुन्या गटात निघाल्या. फॅरो हाउंड मात्र त्या गटात नव्हता. संशोधकांचं म्हणणं असं की आजची ही जात अलीकडच्या काळात इतर जातींच्या मिश्रणातून घडली आहे. म्हणजे पाच हजार वर्षांच्या अखंड वंशाची गोष्ट टिकली नाही.

पण थांबा, याचा अर्थ माल्टातला शिकारी कुत्रा खोटा असा नाही. १६४७ मध्ये जॉव्हानी फ्रान्चेस्को आबेला या माल्टी इतिहासकाराने तिथल्या ‘चेर्नेकी’ नावाच्या कुत्र्यांबद्दल लिहून ठेवलंय. सशांच्या शिकारीसाठी त्यांना मान होता आणि पार फ्रान्सपर्यंत मागणी होती. शेजारच्या सिसिलीत आजही चिर्नेको नावाचा तसाच, पण लहान चणीचा शिकारी कुत्रा आहे. चारेकशे वर्षांचा हा लेखी पुरावा मला थडग्यातल्या चित्रापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

नावाने काय फरक पडतो, असं कोणी विचारेल. कुत्र्यांच्या जातींची आंतरराष्ट्रीय यादी बघा. सिसिलीचा चिर्नेको ‘आदिम शिकारी कुत्रे’ या विभागात आहे. फॅरो हाउंड नुसत्या ‘आदिम’ विभागात. कामाचा उल्लेखच गेला! आणि दिसण्यावरून पिल्लं निवडायला लागलो की नाक आणि कान मागे पडतात, चेहरा पुढे येतो. चेहरा गोड आहेच म्हणा. हा कुत्रा खूश झाला की त्याचं नाक आणि कान गुलाबी होतात, चक्क लाजतो!

माल्टाने १९७७ मध्ये एक लिराच्या चांदीच्या नाण्यावर हा कुत्रा काढला. फॅरोचा म्हणून नाही, आपला म्हणून. तिथले काही शिकारी अजूनही रात्री त्याला घेऊन त्या भिंतींच्या कडेने फिरतात.

तर पुढच्या वेळी ‘हजारो वर्षं जुनी’ असं वाचलंत, तर आधी एक प्रश्न विचारा: हे नाव कोणी ठेवलं, आणि कधी?