घरच्यांची सहल, चारशेच्या आत तिकीट : जळकोटहून सकाळी निघा, दिवेलागणीला घरी या

जळकोट : तालुक्यातल्या बऱ्याच घरांत एसटीत बसायची कारणं ठरलेली आहेत. लग्न, दवाखाना, तहसील नाहीतर बँकेचं काम आणि वर्षाकाठी एखादी यात्रा. नुसतं बघायला म्हणून सगळं घर कधी बाहेर पडत नाही. चौथीतल्या पोराला रायगड-प्रतापगडाची माहिती तोंडपाठ असते, पण तीस-पस्तीस किलोमीटरवरचा उदगीरचा किल्ला त्यानं पाहिलेला नसतो. कंधारला माहेर असलेल्या आज्जीनंही किल्ल्याच्या आत पाय ठेवलेला नसतो. विचारलं तर पैशाचं कारण सांगितलं जातं. पण एकदा हिशेब मांडून बघितला तर हे कारण फार टिकत नाही.

एसटीचा हिशेब

१७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. वयाची ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या लेकरांना अर्धं आणि पाचच्या आतल्यांना काहीच नाही. बारा वर्षं पार केलेल्या मुलाला पूर्ण तिकीट लागतं, मुलीला मात्र अर्धंच. ज्येष्ठांनी आधार कार्ड जवळ ठेवावं, ते दाखवल्याशिवाय सवलत मिळत नाही. एक गोष्ट लक्षात असू द्या, दोन सवलती एकावर एक मिळत नाहीत. आज्जी ६८ वर्षांची असली तरी तिकीट अर्धंच, पाव नाही. यावरून कंडक्टरशी वाद घालून उपयोग नाही.

२०२५ च्या जानेवारीत भाडेवाढ झाली. तरी साध्या गाडीला सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतात. समजा पस्तीसेक किलोमीटरला पूर्ण तिकीट ६० रुपये धरलं. घरात नवरा, बायको, दोन लेकरं, ६८ ची आज्जी आणि ७६ चे आजोबा. नवऱ्याचे ६०, बायकोचे ३०, लेकरांचे ६०, आज्जीचे ३०, आजोबांचे शून्य. एका बाजूचे १८० आणि जाऊन-येऊन ३६०. जेवण घरून नेलं तर वरचा खर्च चहाचा आणि लेकरांच्या गारीगारचा. हीच माणसं क्रूझर करून नेली तर डिझेल, भाडं आणि ड्रायव्हरचं चहापाणी धरून आकडा हजारांत जातो. दहा-बारा माणसांचा भाऊबंदकीचा गोतावळा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा वर्गणी करून गाडी परवडते.

जळकोटचं एक बरं आहे. उत्तरेला कंधार, दक्षिणेला उदगीर, पूर्वेला मुखेड, आणि तिन्ही ठिकाणं एका दिवसात जाऊन येण्यासारखी.

कंधार : पाण्यातला किल्ला

लेकरं लहान आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर पहिली सहल कंधारची करावी. हा भुईकोट किल्ला आहे, डोंगर चढायचा नाही. भोवती खंदक आहे आणि त्यात पाणी असतं. आपल्या भागात उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात, त्या लेकरांना किल्ल्याभोवतीचं पाणी पाहून पहिला प्रश्न हाच पडतो, की हे येतं कुठून? उत्तर जवळच आहे. कंधारला जगत्तुंग सागर नावाचा मोठा जुना तलाव आहे. राष्ट्रकूट राजांच्या काळात, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, हे गाव त्यांच्या मोठ्या ठाण्यांपैकी एक होतं. वेरूळचं कैलास लेणं ज्या घराण्यानं कोरलं तेच हे घराणं. किल्ल्याचं नाव याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्ण राजाशी जोडलं जातं. पुढं बहामनी, निजामशाही, मोगल असे धनी बदलत गेले आणि प्रत्येकानं आपल्या काळात भर घातली. म्हणून आत एकीकडं मशीद दिसते, दुसरीकडं जुन्या मंदिरांचे कोरीव दगड दिसतात. लाल महाल आणि राणी महालाकडं जाताना भिंतीत बसवलेले दगड नीट पाहत चला. कमानीखाली एखादा दगड असा सापडतो, की तो आधी दुसऱ्याच इमारतीत होता हे लेकरूसुद्धा ओळखतं.

कंधारची सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे क्षेत्रपालाची मूर्ती. मूर्ती म्हणण्यापेक्षा तिचे तुकडे. गावाला लागून असलेल्या मानसपुरीच्या परिसरात एका प्रचंड मूर्तीचे अवयव सापडले. अखंड मूर्ती पन्नासेक फूट उंच असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पन्नास फूट म्हणजे किती, हे लेकरांना आकड्यानं कळत नाही. पायाच्या तुकड्याशेजारी लेकराला उभं केलं की लगेच कळतं. क्षेत्रपाल म्हणजे शेताचा, गावाच्या शिवेचा राखणदार. शेतकऱ्याच्या घरात हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही, बांधावरच्या शेंदराच्या दगडाला आपण रोजच हात जोडतो.

खंदकाच्या काठाला कठड्याचा भरवसा धरू नये. लेकरांचा हात सोडायचा नाही, आणि पाठमोरं सरकत सेल्फी तर अजिबात काढायची नाही.

वेळ उरला तर हाजी सय्याह यांचा दर्गा आणि तलावाचा काठ करून घ्यावा. दर्ग्यात सगळ्या जाती-धर्माची माणसं येतात.

उदगीर : पानिपताच्या आधीची लढाई

उदगीरला जळकोटकर बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला कायम जातात. चौबाऱ्यापर्यंत सगळे पोचतात. तिथून किल्ला चालत जाण्याइतका जवळ आहे, पण तेवढंच राहून जातं.

हा किल्ला पठाराच्या कडेवर बसलेला आहे. गावाच्या बाजूनं गेलं की सपाट वाटतं, आणि पलीकडच्या तटावर उभं राहिलं की खाली खोल दरी. जिथं दरी नाही तिथं सुमारे चाळीस फूट खोल खंदक खणलेला आहे. दुहेरी तट, दरबाराच्या इमारती, महाल आणि दगडावर कोरलेले अरबी-फारसी लेख हे सगळं आत आहे. उदागीर महाराजांची समाधीही याच किल्ल्यात आहे आणि ती जमिनीच्या पातळीपासून बरीच खाली आहे. उदगीर हे नाव त्यांच्यावरूनच पडलं असं गावात मानतात. पायऱ्या उतरताना म्हाताऱ्या माणसांना आधार द्यावा लागेल. गुडघे दुखत असतील तर त्यांनी वर सावलीत बसलेलं बरं.

मोगलांनी १६३६ साली हा किल्ला घेतला. पण उदगीरचं नाव खरं गाजलं ते ३ फेब्रुवारी १७६० मुळं. त्या दिवशी सदाशिवरावभाऊंच्या मराठी फौजेनं निजामाला हरवलं. निजामाला साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, अहमदनगर यांसारखे किल्ले द्यावे लागले. मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडं होता. पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, हेच भाऊ आणि हाच गारदी पानिपतावर होते. उदगीरच्या विजयानंतर दीड महिन्याच्या आतच भाऊंनी मराठवाड्यातल्याच परतूरहून उत्तरेचा रस्ता धरला होता. घरात पानिपताची गोष्ट माहीत नाही असं कुणी नसतं. त्या गोष्टीचा आधीचा भाग आपल्या शेजारच्या तालुक्यात घडला, हे मात्र अनेकांना ठाऊक नाही. तटावर बसून धपाटे खाता खाता ही गोष्ट आजोबांनी सांगावी. पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहते.

एकाच दिवसात किल्ला आणि हत्तीबेट दोन्ही करायचं ठरवू नये, दमछाक होते. उदगीर तालुक्यातल्या देवर्जनजवळचं हत्तीबेट हा वेगळ्या दिवसाचा कार्यक्रम आहे. टेकडीवर खडकात कोरलेली लेणी आहेत, गंगाराम महाराजांची समाधी आहे, झाडी आहे. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामात इथं हत्यारबंद तरुणांचा तळ होता. पावसाळा सरताना, गणपती-महालक्ष्म्यांच्या आसपास गेलं तर डोंगर हिरवा असतो.

मुखेड आणि होट्टल

मुखेडला दशरथेश्वराचं चालुक्यकाळातलं मंदिर आहे. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला तर त्या काळातल्या मंदिरांचा समूहच आहे, त्यातलं सिद्धेश्वर मंदिर पाहिल्याशिवाय परतू नये. बाहेरच्या भिंतीवर आरशात बघणारी, नाचणारी अशा सुरसुंदरींची शिल्पं आहेत. बाया-बापड्यांनी त्यांचे दागिने जरूर पाहावेत. कमरपट्टा, बाजूबंद, पैंजण यांची घडण बघून सोनाराच्या दुकानातले नमुने आठवतात. होट्टलसाठी देगलूरला उतरून पुढं जावं लागतं, म्हणून सकाळची पहिली गाडी धरावी. मंदिरं असल्यानं तिकिटाचा प्रश्न नाही.

बिदरला जाताना हद्दीचं लक्षात ठेवा

बिदर जवळ आहे आणि बघायला भरपूर आहे. बहामनी राजधानीचा किल्ला, महमूद गवाननं १४७२ साली बांधलेला मदरसा, आष्टूरचे घुमट, नानक झिरा गुरुद्वारा. गुरुद्वाऱ्यात लंगर असतो, म्हणजे जेवणाचा खर्च नाही. डोकं झाकायला रुमाल मात्र सोबत असावा. पण महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच चालते, पुढचं भाडं पूर्ण द्यावं लागतं. कर्नाटकातला मोफत प्रवास तिथल्या रहिवासी महिलांसाठी आहे, आपलं आधार दाखवून चालत नाही. त्यापेक्षा उदगीरहून रेल्वेनं साध्या डब्यातून गेलेलं स्वस्त पडतं. रेल्वेत महिलांना सवलत नाही आणि ज्येष्ठांची मार्च २०२० पासून बंद आहे, तरीही. केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ज्या वास्तूंना तिकीट आहे तिथं १५ वर्षांखालच्या लेकरांना ते लागत नाही. शाळेचं ओळखपत्र सोबत घ्या.

तेरचं वस्तुसंग्रहालय : एक दिवस पुरणार नाही

वस्तुसंग्रहालय म्हटलं की मुंबई-पुण्याचं नाव निघतं. मराठवाड्यातलं एक चांगलं सरकारी वस्तुसंग्रहालय धाराशिव जिल्ह्यातल्या तेर या खेड्यात आहे. जळकोटहून ते एका दिवसात जमत नाही. लातूरला पाहुण्याकडं मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जावं. सोमवार टाळावा.

या संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव आहे. ते तेरचेच. गावच्या शेतात, पांढरीच्या मातीत, नदीकाठी सापडणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या. मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे. लोकांना जी खापरं वाटत होती ती त्यांनी जपून ठेवली आणि हजारो वस्तूंचा हा साठा पुढं शासनाकडं गेला. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या व्यापाराच्या पुस्तकात या गावाचं नाव आहे. इथलं कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रापलीकडं. तेरला सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीशी जुळणारी बाहुली इटलीतल्या पाँपे शहराच्या अवशेषांत मिळाली आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणून दर्शनाला जाणारे खूप आहेत. त्यांनी तासभर संग्रहालयाला द्यावा.

तेरमधून परतताना लेकरं विचारतातच, आपल्या गावात असं काही आहे का? बहुतेक गावांत असतं. मारुतीच्या पाराजवळ वीरगळ पडलेले असतात, एकावर एक तीन-चार चित्रं कोरलेला दगड. खालच्या चित्रात लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन चालल्या आहेत, वर तो महादेवाची पूजा करतोय. खालून वर वाचायचा असतो. अशा दगडावर कपडे धुतले जातात, कुठं तो पायरीला लावला जातो. गुप्तधनाच्या नादात मूर्ती फोडण्याचे प्रकारही होतात. नांगराला किंवा जेसीबीला मूर्ती, नाण्यांचं गाडगं लागलं तर ते घरात ठेवता येत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. तलाठी किंवा तहसील कार्यालयात लेखी कळवलं तर ती पुढं जाते. लपवलं तर गुन्हा होतो.

कधी जावं, काय न्यावं

सोयाबीनची रास झाल्यावर आणि हरभरा काढणीला यायच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर, हा सगळ्यात सोयीचा काळ. उन्हाळी सुट्टीत लेकरं मोकळी असतात खरी, पण एप्रिल-मेच्या उन्हात दगडी किल्ल्यावर म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना नेऊ नये. रविवारी गर्दी असते, पण शाळा बुडत नाही.

ज्वारीच्या दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा न्यावा. दही-भात दुपारपर्यंत आंबतो. पाणी माणशी दोन लिटर तरी हवं. किल्ल्यांवर पिण्याच्या पाण्याची आणि संडासाची सोय असेलच असं धरू नये. बायकांनी बसस्थानकावरच उरकून निघावं. पिशवीत टॉवेल, आजोबांच्या गोळ्या, एक काठी आणि कचरा परत आणायला रिकामी थैली. भिंतीवर नाव कोरणाऱ्या पोराला तिथंच थांबवावं, संरक्षित वास्तूवर तो गुन्हा आहे.

गड-किल्ले सूर्यास्तापर्यंतच. गावाकडं येणारी शेवटची गाडी कितीची, हे उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर विचारून घ्या, मोबाईलवरच्या वेळापत्रकावर विसंबू नका. आणि शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी धरा. शेवटची रद्द झाली तर लेकरं-म्हातारी घेऊन स्थानकावर बसायची वेळ येते, आणि मग वाचलेले पैसे काळी-पिवळीवाल्याच्या खिशात जातात.