रेल्वेच्या खिशातील घड्याळाचे वय : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

रेल्वेच्या सेवेत वापरल्या गेलेल्या खिशातील घड्याळाचा काळ ठरवताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते, ती ही की अशा घड्याळाला एकच जन्मसाल नसते. आतील यंत्र एका कारखान्यात तयार होई; त्याचे कवच, म्हणजे यंत्र ज्यात बसवले जाते ती धातूची डबी, पुष्कळदा दुसऱ्याच कारागिराकडून येई; आणि रेल्वेची आद्याक्षरे व नगाचा क्रमांक घड्याळ सेवेत दाखल होताना त्यावर उमटत. पहिल्या दोन बाबींचा उलगडा स्वित्झर्लंड, इंग्लंड किंवा अमेरिकेच्या उद्योगाच्या इतिहासातून होतो. तिसरीचा उलगडा मात्र ते घड्याळ जेथे चालले त्या प्रदेशाच्या रेल्वे-इतिहासाशिवाय होत नाही.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. त्याचे मुख्य ठाणे आरंभी पुलगावजवळच्या कवठा येथे होते आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसवण्यात आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील जी.आय.पी., हिचा भुसावळ-बडनेरा-वर्धा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, आणि हिंगणघाटच्या बाजारात नावाजलेल्या कापसाला मुंबई बंदराची वाट मोकळी झाली. पुढच्याच दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसा खाणींकडे फाटा गेला, त्यानंतर पुलगाव-आर्वी ही अरुंद मापाची गाडी आली, आणि १९२०चे दशक संपता संपता बल्लारशा-काझीपेठ हा तुटलेला दुवा जोडला गेल्यावर वर्धा हे दिल्ली-मद्रास मार्गावरील जंक्शन बनले. जी.आय.पी.चे व्यवस्थापन १९२५ मध्ये सरकारने स्वतःकडे घेतले, पण नाव तेच राहिले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे अस्तित्वात आली तेव्हाच ते मागे पडले. म्हणून या जिल्ह्यातील सेवेच्या घड्याळावर जी.आय.पी.ची आद्याक्षरे असतील, तर त्याच्या सेवेचा आरंभ १८६०च्या दशकाच्या अलीकडचा आणि १९५१च्या पलीकडचा, एवढेच सिद्ध होते. ही मुदत आठ दशकांहून मोठी असल्यामुळे ती आखडण्यासाठी इतर पुरावे लागतात.

ते पाहण्यापूर्वी असे घड्याळ कोणती वेळ दाखवत असे हे समजून घेणे आवश्यक आहे. वर्धा सुमारे ७८.६ पूर्व रेखांशावर आहे आणि एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथील सरासरी सौर वेळ ग्रिनिचच्या ५ तास १४ मिनिटे पुढे पडते. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर १८७०च्या सुमारास देशातील गाड्यांसाठी स्वीकारली गेलेली मद्रास वेळ ५ तास २१ मिनिटे पुढे होती. याचा अर्थ असा की वर्धा स्थानकावरील घड्याळ गावातल्या सूर्यापेक्षा सुमारे सात मिनिटे पुढे चाले. १९०५ मध्ये रेल्वेने साडेपाच तासांची प्रमाणवेळ स्वीकारली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती सरकारी व्यवहारातही लागू झाली, तेव्हा रेल्वेचे काटे आणखी नऊ मिनिटे पुढे सरकले. घटिकेच्या, म्हणजे चोवीस मिनिटांच्या, मापाने दिवस मोजणाऱ्या शेतकऱ्याला हे अंतर जाणवण्याजोगे नव्हते. पण एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांची गाठ कोणत्या स्थानकावर घालायची हे ठरवणाऱ्या स्टेशनमास्तरच्या दृष्टीने सात मिनिटे ही फार मोठी तफावत होती.

म्हणूनच रेल्वेचे घड्याळ एकट्याने खरे मानले जात नसे. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांनुसार प्रमाणवेळ दररोज १६.०० वाजता प्रमुख स्थानकांना कळवली जाते, आणि गाडी सुटण्यापूर्वी गार्डने आपले घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवून ती वेळ चालकाला सांगायची व चालकाने आपले घड्याळ त्याप्रमाणे लावायचे, असा क्रम ठरलेला आहे. अमेरिकेत वेगळा मार्ग निघाला. १८९१ मध्ये ओहायो राज्यातील किप्टन येथे दोन गाड्यांची टक्कर झाल्यानंतर वेब बॉल या घड्याळजीच्या देखरेखीखाली घड्याळांचीच कसोटी ठरली : उघडी तबकडी, ठळक आकडे, किमान सतरा खडे, म्हणजे आसांची झीज रोखणारे कठीण दगडी टेकू, आणि आठवड्यात तीस सेकंदांहून अधिक चूक नसणे. ही कसोटी भारतात बंधनकारक नव्हती. त्यामुळे वर्ध्यात सापडलेले घड्याळ तिच्यात बसत नाही म्हणून ते रेल्वेचे नव्हे असा निष्कर्ष काढणे चूक ठरते.

यंत्राचा काळ ठरवताना पाठीमागचे झाकण उघडून कारखान्याचे नाव व अनुक्रमांक पाहावे लागतात. वॉल्थम, एल्जिन यांसारख्या अमेरिकी कारखान्यांच्या अनुक्रमांकांच्या याद्या प्रसिद्ध असल्याने त्यांचे साल बरेच नेमके काढता येते. मुंबईच्या बाजारातून वेस्ट एंड किंवा फावर-ल्युबा या नावांनी विकल्या गेलेल्या स्विस घड्याळांच्या बाबतीत मात्र रचनेच्या खुणांवर अधिक विसंबावे लागते. वेगळ्या चावीने कमान गुंडाळावी लागणारे यंत्र सामान्यतः जुने, तर डोक्यावरच्या बोंडाने चावी देण्याची सोय असलेले त्यानंतरचे. यंत्रावर स्विस क्रुसाची आकृती व पेटंट क्रमांक असेल तर ते १८८८ नंतरचे, कारण स्वित्झर्लंडचा पेटंट कायदा त्याच वर्षी अमलात आला. धक्का शोषून घेणाऱ्या इन्काब्लॉक या टेकूची खूण असेल तर ते १९३०च्या दशकाच्या अलीकडचे.

कवच चांदीचे असल्यास पुरावा अधिक बोलका होतो. इंग्लंडमध्ये तपासलेल्या चांदीवर चालत्या सिंहाची छाप, तपासणी-गृहाचे चिन्ह आणि दरवर्षी बदलणारे एक अक्षर असते; त्या अक्षरावरून वर्ष ठरते. १९०७ पासून इंग्लंडमध्ये आयात झालेल्या घड्याळांच्या कवचांवर वेगळ्या आयात-छापा येऊ लागल्या, जसे बर्मिंगहॅमचा त्रिकोण. स्वित्झर्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने चांदीच्या कसानुसार अस्वल किंवा रानकोंबड्याची छाप ठरवण्यात आली. मात्र इंग्लंडमार्गे न येता थेट मुंबईत उतरलेल्या मालावर इंग्रजी छाप असण्याचे कारण नसते, आणि सेवेसाठी दिलेले घड्याळ पुष्कळदा निकेलसारख्या साध्या धातूच्या कवचात असे. म्हणून छापेच्या अभावावरून काहीही ठरवता येत नाही.

सर्वाधिक फसवणूक सजावटीमुळे होते. कवचावर कोरलेले इंजिन किंवा तबकडीवरील ‘रेल्वे’ हा शब्द ही ग्राहकाला भुलवणारी व्यापारी खूण होती आणि रॉस्कोफ पद्धतीच्या, म्हणजे मोजक्या भागांच्या स्वस्त यंत्रांवरही ती सर्रास दिसते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश लष्करी घड्याळांवर बाणाची आकृती व जी.एस.टी.पी. ही अक्षरे असतात; पुलगावला मोठे दारूगोळा कोठार असल्यामुळे अशी घड्याळे या जिल्ह्यात आढळली तर आश्चर्य नाही, पण ती रेल्वेची नव्हेत. तसेच सेवाग्राममुळे खिशातील घड्याळ म्हटले की महात्मा गांधींचे स्मरण होते. परंतु मार्च २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विकले गेलेले त्यांचे झेनिथ घड्याळ हे गजर असलेले चांदीचे खाजगी घड्याळ होते, आणि त्याचे मोल कोरीव खुणांपेक्षा ते कोणाकडून कोणाकडे गेले या परंपरेवर ठरले.

या सर्व विवेचनातून नोंदीची पद्धत निघते. पेटंट क्रमांक असलेले स्विस यंत्र, बर्मिंगहॅमच्या आयात-छापेचे कवच आणि जी.आय.पी.ची आद्याक्षरे असे घड्याळ हाती आल्यास यंत्र १८८८ नंतरचे, कवच १९०७ नंतर वर्षाक्षर सांगेल त्या सालचे, आणि सेवेचा आरंभ त्या सालानंतर १९५१ पर्यंत केव्हातरी, अशा तीन वेगळ्या ओळी लिहाव्यात. तिन्ही एकमेकींशी जुळत असतील तर घड्याळ अखंड असण्याची शक्यता मोठी. कवच यंत्राहून बरेच अलीकडचे निघाले, किंवा यंत्र १९५१ नंतरचे आणि कवचावरची अक्षरे जी.आय.पी.ची निघाली, तर दुरुस्तीत भाग बदलले गेले असे मानावे. अशी अदलाबदल हा सेवेच्या घड्याळाचा दोष नसून त्याच्या दीर्घ वापराचाच पुरावा आहे, आणि तिन्ही ओळींऐवजी एकच साल लिहिणारी नोंद हा पुरावा पुसून टाकते.