पुरवणी प्रश्न

नाटकगृहांत बसलेला रसिक आणि संसदेच्या प्रेक्षकसज्जांत बसलेला नागरिक यांच्यांतला एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. नट टाळी कोठें घेणार हें रसिकाला ठाऊक असतें आणि तें त्याला ठाऊक आहे हें नटालाहि ठाऊक असतें. तेथें कोणी कोणाची फसवणूक करीत नाहीं. प्रश्नोत्तराच्या तासाची गोष्ट निराळी. तेथें ज्या वाक्याला हशा पिकतो तें पुष्कळदां उत्तराच्या जागीं बसविलेलें असतें, आणि हंसण्याच्या भरांत उत्तर राहूनच गेलें हें ऐकणाराच्या ध्यानांतहि येत नाहीं. कोणाची सरशी झाली, कोणीं कोणाला निरुत्तर केलें, असे निकाल देण्याची हौस आपल्या सुशिक्षित घरांत पूर्वींपासून आहे. १९९१ सालीं हा तास दूरचित्रवाणीवर दिसूं लागल्यापासून ती अधिकच वाढली. या निकालांवर आमचा विश्वास नाहीं. तो कां नाहीं, हें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

इंग्लंडांत मंत्र्याला सभागृहांत प्रश्न विचारल्याची पहिली नोंद १७२१ सालची आहे. दक्षिण समुद्र कंपनीचा फुगा फुटून हजारों घरें बुडालीं होतीं, आणि कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट परदेशीं पळाला होता. तो पळाला व पकडला गेला अशी वदंता आहे, ती खरी काय, असें लॉर्ड कौपर यांनीं सरदारांच्या सभागृहांत अर्ल ऑफ सन्डरलंड यांना विचारलें. प्रश्न एवढाच. त्यांत वक्तृत्व नाहीं, टोमणा नाहीं. लोकांचा पैसा गेला आहे आणि तो नेणारा कोठें आहे, इतकीच साधी पृच्छा. या संस्थेचा जन्म पैशाच्या हिशेबांतून झाला, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें.

आमच्याकडे हा हक्क १८९२ च्या कौन्सिल कायद्यानें आला, परंतु तो अर्धाच आला. सभासदानें आगाऊ सूचना द्यावी, प्रश्न विचारावा, सरकारी सभासदानें लिहून आणलेलें उत्तर वाचावें आणि मग सर्वांनीं गप्प बसावें, असा तो प्रकार होता. उत्तरावर चर्चा नाहीं, कीं उलट प्रश्न नाहीं. गव्हर्नर-जनरलच्या मनांत आल्यास तो कारण न सांगतां प्रश्नच नाकारीत असे. तरीहि १८९३ सालीं भिंग्याच्या राजांनीं जो पहिला प्रश्न घातला तो पाहण्यासारखा आहे. साहेब लोक फिरतीवर निघाले म्हणजे खेड्यांतल्या दुकानदारांकडून सामानसुमान गोळा करतात व त्यामुळें त्या गरिबांस जाच होतो, हा त्याचा विषय. मुलखांतल्या वाण्याचें गाऱ्हाणें साम्राज्याच्या दरबारांत पोंचलें खरें, पण उत्तर मिळाल्यावर 'मग अमुक ठिकाणीं असें कां झालें?' हें विचारण्याची मुभा त्या राजेसाहेबांना नव्हती.

ही मुभा मिळण्यास १९०९ साल उजाडावें लागलें. मोर्ले-मिंटो सुधारणांनीं मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदास पुरवणी प्रश्नाचा अधिकार दिला. १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सभासदांसहि मिळाला आणि बैठकीचा पहिला तास प्रश्नांसाठीं राखला गेला. कायद्याच्या पुस्तकांत ही बाब दोन ओळींची आहे, आणि गोखल्यांच्या अंदाजपत्रकावरील भाषणांचें कौतुक करणारे आमचे इतिहासकारहि तिच्याकडे फारसे वळत नाहींत. आमच्या मतें खरा फरक येथेंच पडला. पहिलें उत्तर कचेरींत तयार होतें. त्यावर चार कारकुनांचे हात फिरलेले असतात, आणि तें खोटें नसलें तरी पुरतें खरें असतेंच असें नाहीं. दुसरें उत्तर मात्र मंत्र्याला उभ्या उभ्या द्यावें लागतें. सत्यमूर्तींनीं १९३५ नंतर मध्यवर्ती विधिमंडळांत जो दरारा बसविला तो याच दुसऱ्या उत्तराच्या भीतीचा होता. पुढें आमच्या पुण्याचे मधु लिमये बिहारांतून निवडून जाऊन लोकसभेंत बसले, तेव्हां त्यांच्या नियमांच्या अभ्यासाची मंत्र्यांना जी धास्ती वाटे तीहि याच जातीची.

स्वातंत्र्यानंतर या हक्काचा बाजार होऊं शकतो हेंहि लवकरच कळून आलें. १९५१ सालीं हंगामी संसदेचे मुंबईचे सभासद मुद्गल यांच्यावर असा आरोप आला कीं, मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापारी संघाकडून आर्थिक लाभ घेऊन ते संसदेंत त्याची तरफदारी करीत आहेत. चौकशीसाठीं सभासदांची समिति नेमली गेली, तिनें ठपका ठेवला, आणि हकालपट्टीचा ठराव पुढें आला असतां मुद्गल यांनीं राजीनामा दिला. (२००५ च्या डिसेंबरांत प्रश्नांसाठीं पैसे घेतल्यावरून एकदम अकरा सभासद काढले गेले, तेव्हां १९५१ ची आठवण फार थोड्यांना झाली.) त्या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णम्माचारी. प्रश्नाच्या पावित्र्याची राखण करणाऱ्या या बुद्धिमान गृहस्थांवर सात वर्षांच्या आंत प्रश्नांमुळेंच मंत्रिपद सोडण्याची पाळी आली. त्याची हकीगत अशी.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजीं स्थापन झालें. त्यापूर्वीं विमा कंपन्यांचा पैसा मालकांच्या धंद्यांत कसा वळविला जातो हें फिरोझ गांधी यांनीं १९५५ च्या डिसेंबरांत लोकसभेंत उघड केलें होतें. मग २४५ संस्थांचा कारभार एकत्र झाला, आणि मास्तर, कारकून, स्टेशनमास्तर अशा असंख्य मध्यम स्थितींतल्या माणसांच्या विम्याचे हप्ते एका सरकारी तिजोरींत जमा होऊं लागले. १९५७ च्या जूनमध्यें या तिजोरींतून हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारें सव्वा कोटी रुपयांचे शेअर खरेदी करण्यांत आले. मुंध्रा त्या वेळीं पैशाच्या अडचणींत होते. भाव बाजाराहून चढे होते. आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला विचारण्यांतहि आलें नव्हतें.

४ सप्टेंबर १९५७ रोजीं लोकसभेंत या व्यवहाराबद्दल प्रश्न निघाला. विषय लावून धरणारे रामसुभग सिंह व फिरोझ गांधी हे दोघेहि काँग्रेसचेच. फिरोझ गांधी तर पंतप्रधानांचे जांवई. मिळालेलें उत्तर मोघम होतें. नोव्हेंबरांत पुन्हां प्रश्न आला, पुन्हां समाधान झालें नाहीं. त्या दिवशीं सज्जांत बसलेल्या प्रेक्षकाला निकाल विचारला असता तर त्यानें काय सांगितलें असतें? मंत्रिमहाशय निभावून नेले असेंच त्यानें म्हटलें असतें. कृष्णम्माचारी हजरजबाबी होते, आणि आंकड्यांत त्यांना अडविणें सोपें नव्हतें. तरीहि प्रश्न संपला नव्हता, कारण विचारणारानें उत्तर कान देऊन ऐकलें होतें व त्यांत काय नाहीं तें टिपून ठेवलें होतें. १६ डिसेंबरला फिरोझ गांधी बोलावयास उभे राहिले तेव्हां त्यांच्याजवळ तारखा होत्या, भाव होते, रकमा होत्या. त्यांचें तें भाषण गाजलें. परंतु त्याची सिद्धता आधींच्या तीन महिन्यांतल्या अपुऱ्या उत्तरांनीं केली होती, हें विसरून चालत नाहीं.

सरकारनें मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छगला यांचा एकसदस्य आयोग नेमला. चौकशी मुंबईंत, उघड्या दरबारांत झाली व ऐकण्यास लोकांची दाटी उसळली. ज्यांचे हप्ते त्या सव्वा कोटींत होते ते आतां स्वतःच प्रेक्षक झाले होते! खात्याच्या सचिवानें केलेल्या कृत्याची जबाबदारी घटनेप्रमाणें मंत्र्यावरच येते, ती झटकतां येत नाहीं, असा छगला यांनीं निर्णय दिला, आणि १८ फेब्रुवारी १९५८ रोजीं कृष्णम्माचारी पायउतार झाले. मंत्र्यानें सर्व वस्तुस्थिति अगदीं आरंभींच संसदेपुढें मांडून तिला विश्वासांत घ्यावें, म्हणजे इतर मार्गांनीं ती बाहेर आल्यावर होणारी नामुष्की टळते, अशीहि शिफारस छगला यांच्या अहवालांत आहे. सप्टेंबरांतच सरळ उत्तर आलें असतें तर कदाचित् मंत्रिपदहि वांचलें असतें, असें आम्हांस ती वाचतांना वाटतें.

आतां आजच्या पाहण्याकडे वळूं. इंग्लंडांत पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तरांना १९६१ पासून आठवड्यांतून दोनदां पंधरा पंधरा मिनिटें ठरलेलीं होतीं; १९९७ पासून बुधवारचा एकच अर्धा तास झाला. तेथें पहिला प्रश्न 'आज आपले कार्यक्रम काय?' असा निरुपद्रवी असतो, आणि खरा प्रश्न पुरवणी म्हणून न सांगतां येतो. अधिकार तोच, पण बहुतेक सभासदांना एक टोला व पंतप्रधानाचा एक प्रतिटोला, मग लगेच दुसरा विषय, अशी त्याची गत झाली आहे. आणि वर्तमानपत्रें दुसऱ्या दिवशीं कुस्तीच्या आखाड्यासारखा निकाल छापतात. आमच्या लोकसभेंत दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात, त्यांपैकीं पांचसहांपलीकडे क्वचितच मजल जाते, आणि गोंधळ झाला तर एकहि होत नाहीं. ज्यानें घोषणा देऊन तास बुडविला त्याचें छायाचित्र येतें, आणि ज्याचा सातवा प्रश्न बुडाला त्याचें नांवहि कोणाला कळत नाहीं. मतदारांनीं रागवावयाचें तर कोणावर, हें आम्हीं सांगावयास नको. २०२० च्या सप्टेंबरांत साथीच्या कारणानें हा तासच रद्द झाला. लेखी उत्तरें मिळत राहिलीं, म्हणजे आपण त्या अधिवेशनापुरते १८९२ च्या कायद्यापाशीं जाऊन पोंचलों.

म्हणून वाचकांनीं हा तास पाहतांना आवाज व हशा यांकडे जरा दुर्लक्ष करावें, आणि दुसरा प्रश्न पहिल्या उत्तराला धरून आला कीं घरून लिहून आणलेलाच वाचला, एवढें पाहावें. मंत्र्यानें 'माहिती मागवून सभागृहापुढें ठेवतों' असें म्हटलें तर हंसूं नये. तें कधीं कधीं सर्वांत प्रामाणिक उत्तर असतें. पण ती माहिती पुढें आली काय, याची आठवण ठेवावी.

हें सारें आपणांस वाचावयास मिळतें तेंहि फिरोझ गांधी यांच्याच खटपटीनें. संसदेचें कामकाज खरेपणानें छापल्याबद्दल वर्तमानपत्रावर खटला होऊं नये, असें खासगी विधेयक त्यांनीं आणलें व १९५६ सालीं तें कायदा झालें. १९७५ च्या जुलैंत, आणीबाणीच्या अधिवेशनांत, प्रश्नोत्तराचा तास स्थगित झाला. १९७६ सालीं हा कायदाहि रद्द करण्यांत आला. त्या वेळीं पंतप्रधानपदावर फिरोझ गांधी यांच्याच पत्नी होत्या. १९७७ सालीं तो पुन्हां झाला, आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें त्याचें तत्त्व राज्यघटनेंत घातलें गेलें.