ध्वनिमुद्रिकांचे अंकीय प्रतिमुद्रण

ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील संगीत संगणकाच्या साहाय्याने अंकीय स्वरूपात उतरवून यूएसबी स्मृतिसाधनासारख्या (बोलभाषेत ‘पेन ड्राइव्ह’) माध्यमात साठविण्याची क्रिया. कॉम्पॅक्ट डिस्कवरील (१९८२) ध्वनी मुळातच अंकीय असल्याने त्याची केवळ नक्कल करावी लागते. जुनी तबकडी मात्र प्रत्यक्ष वाजवावीच लागते, आणि ती कशी वाजविली यावर पुढील पिढ्यांना काय ऐकू येणार हे अवलंबून असते.

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्ता येथे एफ्. डब्ल्यू. गैसबर्ग यांच्या दौऱ्याने आरंभ झाला. गौहरजान यांचे गाणे त्याच वेळी मुद्रित झाले. आरंभीच्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. गायकाने शेवटी स्वतःचे नाव उच्चारण्याची प्रथा परदेशी कारागिरांना ओळख पटावी म्हणून पडली, असे सांगितले जाते. प्रतिमुद्रण करताना ही उद्‌घोषणा निरुपयोगी समजून कापली जाते, ते गैर होय. लाखेपासून केलेल्या तबकडीची एक बाजू सु. तीन मिनिटांची असे. नाट्यपदे, भावगीते व ख्यालगायन एवढ्या अवधीत बसविले गेले. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसल्याने वीज न पोहोचलेल्या गावांतही तो वाजू शके. मात्र धर्माबादसारख्या मराठवाड्यातील गावी उन्हाळ्यात पारा ४० अंश से. वर जातो आणि अशा उष्णतेत लाखेची तबकडी वाकते. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत ठेवलेले संग्रह अशाने निकामी होतात.

प्रतिमुद्रणातील सर्वांत नाजूक बाब गतीची आहे. ‘७८ फेऱ्यांची’ म्हणून ओळखली जाणारी प्रत्येक तबकडी दर मिनिटास नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेली नसे. विशेषतः १९२५ पूर्वीच्या यांत्रिक मुद्रणात ही गती बरीच कमीअधिक आढळते. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजविल्यास पांढरी एकचा षड्‌ज जवळजवळ काळी एकपर्यंत चढतो, तीन मिनिटांचे गाणे सु. नऊ सेकंदांनी आखूड होते आणि आवाजाचा पोतही बदलतो. पाश्चात्त्य रचनेची स्वरपट्टी लेखी असल्याने अशी चूक सहज उघडकीस येते. आपल्याकडे षड्‌ज गायकाच्या सोयीने ठरत असल्याने हा पडताळा उपलब्ध नसतो. साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या अधेमधे ऐकू आल्यास गतीविषयी संशय घ्यावा, एवढेच. कारण जुन्या पेट्याही एकसारख्या लावलेल्या नसत. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांच्यासारख्या गायकाची पट्टी वा तानेची गती यांविषयी तबकडीवरून विधान करण्यापूर्वी ही खात्री करून घेणे आवश्यक ठरते.

सुईही महत्त्वाची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच १९४८ मध्ये आलेल्या दीर्घवादी (लाँगप्ले) तबकडीच्या खाचेपेक्षा सु. तिप्पट रुंद असते. बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाऊन खरखर वाढविते. ही खरखर गाळण्याच्या आज्ञावल्या आता सुलभ आहेत, पण त्यांच्या अतिवापराने खरखरीबरोबर तंबोऱ्याचे वरचे स्वरांशही नाहीसे होतात. म्हणून शुद्ध केलेल्या प्रतीबरोबर मूळ, असंस्कारित प्रत राखण्याचा प्रघात आहे.

कॉम्पॅक्ट डिस्कच्या दर्जाने (सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन मार्ग) तीन मिनिटांची एक बाजू सु. ३२ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे ३२ गिगाबाइटच्या साधनात सु. एक हजार बाजू मावतात. जतनासाठी मात्र ९६,००० नमुने व २४ बिट हे प्रमाण सुचविले जाते. सु. २००० पासून बाजारात आलेली ही साधने वाहतुकीस सोयीची असली, तरी त्यांतील माहिती विद्युत् भाराच्या रूपाने असते आणि तो कालांतराने झिरपतो. त्यामुळे त्यांवर एकमेव प्रत ठेवणे धोक्याचे असते.

मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणले. ‘द रेकॉर्ड न्यूज’ या तिच्या नियतकालिकातून तबकड्यांविषयीची माहिती प्रसिद्ध होत गेली. लेबलावरील क्रमांक, गायक, राग व कंपनी यांची नोंद ध्वनीसोबत न ठेवल्यास साधनात केवळ अनामिक धारिका उरतात. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. गीत व चाल यांचे हक्क स्वतंत्र असून ते सामान्यतः रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतात.