गुहेतले ठिपकेदार घोडे

फ्रान्सच्या दक्षिण भागात पेश-मेर्ल नावाची गुहा आहे. तिच्यातील आदिमानवाची चित्रे १९२२ साली उजेडात आली. त्यांपैकी एका भिंतीवर पाठीला पाठ लागलेले दोन घोडे आहेत. पांढरट अंगावर काळे ठिपके, आणि भोवती हात टेकवून रंग फुंकल्याने उमटलेले पंजे! कार्बन-१४ पद्धतीने चित्रातील कोळशाचे वय सुमारे २५ हजार वर्षे आले.

मग प्रश्न उभा राहिला : चित्रकाराने असे घोडे खरोखरच पाहिले होते काय?

पुष्कळ अभ्यासकांचे उत्तर 'नाही' असे होते. घोडा माणसाळला तो गेल्या पाच-सहा हजार वर्षांत. चित्रविचित्र रंग हे त्यानंतरच्या निवडक पैदाशीचे फळ, असे मानले जाई. २००९ साली प्राचीन हाडांतील डीएनए तपासला गेला, तेव्हा रानटी घोड्यांत तांबूस आणि काळा एवढेच रंग सापडले. ठिपके म्हणजे एखादे गूढ चिन्ह, हा तर्क त्यामुळे बळावला.

परंतु येथे एक मेख होती. ठिपक्यांच्या जनुकाची खूण त्या तपासणीत समाविष्टच नव्हती. जे शोधलेच नाही, ते सापडणार कसे? २०११ साली ही खूणही तपासण्यात आली. माणसाळण्यापूर्वीच्या ३१ घोड्यांपैकी १८ तांबूस, ७ काळे आणि ६ ठिपक्यांचे जनुक बाळगणारे निघाले. म्हणजे तिन्ही रंगांचे घोडे त्या काळी होते, आणि गुहांतील चित्रांतही हे तिन्ही रंग दिसतात.

या जनुकाची आणखी एक गंमत आहे. त्याच्या दोन प्रती मिळालेला घोडा बहुधा जवळजवळ पांढरा होतो. पण त्याला जन्मतःच रातांधळेपणा असतो. रानात हा मोठाच तोटा. तरीही हे जनुक टिकले, ते कदाचित बर्फाळ प्रदेशात पांढरा रंग लपण्यास उपयोगी पडल्यामुळे, असा एक अंदाज आहे.

मग चित्राचा उलगडा झाला असे म्हणावे काय? पूर्णपणे नाही. पेश-मेर्लच्या भिंतीवर काही ठिपके घोड्यांच्या अंगाबाहेरही आहेत! असे घोडे होते, एवढे डीएनए सांगतो. चित्रकाराच्या मनात काय होते, हे तो सांगू शकत नाही. पुराव्याची ही मर्यादा विद्यार्थ्यांना दाखवून देणे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

वर्गात एक प्रयोग करून पाहता येईल. मुलांना मातीचे घोडे करायला सांगावे आणि हवे तसे रंगवू द्यावेत. नंतर प्रत्येकाला विचारावे : हा रंग पाहिलेला, की कल्पिलेला? आणि तुझा घोडाच फक्त हाती लागला, तर २५ हजार वर्षांनी हे कुणाला कसे ओळखता येईल?